अकराने कमी

डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं, तेव्हा आमच्या वन्सं म्हणाल्या, "सहा-सात."

"सदुसष्ट?"

"सहा-सात," वन्संनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं.

डॉक्टरीणबाईंनी सदुसष्ट लिहिलं. माझी सून शेजारच्या खुर्चीवर होती. तिला हसू आवरेना. "आत्या, अहो बारा वर्षं कुठे लपवून ठेवलीत? मलाही दाखवा की ती जागा!"

डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसले. आणि हसता हसता मी मनात हिशेब लावला. सहा डझन म्हणजे बहात्तर, वर सात. एकोणऐंशी. वन्संचं वय एकोणऐंशीच आहे. बाई अगदी बरोबर सांगत होती आणि आम्ही तिघी दात काढत बसलो होतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, नणंद राहिली. लोक म्हणतात नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आमचंही होतंच म्हणा, पण एका छपराखाली इतकी वर्षं काढल्यावर विळ्याची धारही जाते आणि भोपळाही सुकतो.

त्यांचं लग्न झालं नाही. आईवडील एकापाठोपाठ गेले, धाकटा भाऊ पदरात, आणि तेराव्या वर्षी त्या बटणांच्या कारखान्यात लागल्या. केस पांढरे होईपर्यंत तिथेच. भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आणि मी नवी नवरी घरात येऊन जेमतेम रुळते न रुळते तोच मलाही हाताला धरून कारखान्यात नेलं. पहिल्या दिवशी पॅकिंगच्या खोलीत सगळ्या टेबलांवर जोड्या बसलेल्या. मी दारात उभी, कोणाला नको असलेली. मुकादम डोकं खाजवत होता. वन्सं लांबूनच ओरडल्या, "ती शिल्लक माझ्याकडे पाठवा!" तेव्हापासून माझं नाव शिल्लक पडलं. लग्नात ठेवलेलं नाव कधीच मागे पडलं, नणंदेने दिलेलं टिकलं.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. तिथे दहाची मोजणी शिकले, सासरी बाराची. बारा बटणं टाचली की एक पत्ता, म्हणजे जाड कागदाचा तुकडा. बारा पत्ते भरले की एक डबा. पत्त्यावर न बसणारी उरलीसुरली बटणं ती शिल्लक. माल सांगायचा तो असा: डबे, पत्ते, शिल्लक. दोन-सात-आठ म्हणजे दोन डबे, सात पत्ते, आठ सुटी बटणं. मोजायला पाटी नको की पेन्सिल नको. डाव्या हाताच्या चार बोटांची तीन-तीन पेरं, बारा झाली. अंगठा पेरांवरून चालवायचा. वन्संचा अंगठा इतका भरभर चाले की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना बोटांत कळ आलीय.

ऑफिसातला कारकून तोच माल दहात लिहायचा. आमचे दोन-सात-आठ त्याच्याकडे तीनशे ऐंशी व्हायचे. मी चुकून कधी "तीनशे ऐंशी" म्हटलं, की वन्सं मांडीवर चापट मारायच्या. "कारकुनाची भाषा टेबलावर नको."

एकदा तो कारकून खोलीत येऊन म्हणाला, "बाई, मी आकड्यांची बेरीज करून पडताळतो. माझ्या तीन, आठ आणि शून्याची येते अकरा. तुमच्या दोन, सात, आठची सतरा. वरचे सहा कुठून आणलेत?"

"कुठून आणणार? तुमच्याकडे दहाची पंगत बसते, आमच्याकडे बाराची," वन्सं म्हणाल्या. "पाहुणे तेवढेच आहेत, पंगती वेगळ्या पडल्या. जा, चहा घ्या."

पण आकड्यांची बेरीज वन्संही करायच्या, आणि ती का करायची हे त्यांनी मला टेबलावर बटणं मांडून शिकवलं. ते काही मी शाळेत शिकले नव्हते. त्या म्हणाल्या, बेरीज म्हणजे हाताने उचलायच्या वस्तू. दोन डबे, सात पत्ते, आठ बटणं, सतरा वस्तू. आता शेजारच्या टेबलावर एक-सहा-नऊ माल आहे, म्हणजे सोळा वस्तू. दोन्ही एकत्र केले की वस्तू तेहतीस. पण सुटी बटणं सतरा झाली, त्यातली बारा उचलून पत्ता केला. बारा गेल्या, एक आली. अकराने कमी. पत्तेही बाराच्या वर गेले, त्यांचा एक डबा केला. पुन्हा बारा गेल्या, एक आली, पुन्हा अकराने कमी. उरला माल चार-दोन-पाच, वस्तू अकरा. तेहतीसातून दोनदा अकरा गेले की अकराच राहतात. जुळलं. कमी झालं तर अकरानेच होणार, पत्ता फोडला तर अकरानेच वाढणार. कारकुनाकडे दहा जाऊन एक येतो, म्हणून त्याचं सगळं नऊने हलतं. ज्याची जशी पंगत, त्याच्याहून एक कमी.

"आणि ऐक शिल्लक," त्या बजावायच्या, "बेरीज जुळली म्हणून माल बरोबरच आहे असं नाही. दोनाच्या जागी सात आणि साताच्या जागी दोन लिहिले तरी ती जुळते, लबाड असते. पण बेरीज चुकली ना, तर माल नक्की चुकला. मग रडायचं नाही, भांडायचं नाही. माल परत पाठवायचा."

कारखाना केव्हाच बंद झाला. त्या जागी आता फर्निचरचं गोदाम आहे. आम्ही दोघी घरी बसलो, मुलाच्या संसारात, दोन खोल्या आणि एक गॅलरी. सगळं बरं चाललं होतं. मग एका सकाळी मुलगा कामावर निघाला आणि शर्ट घालून तसाच उभा राहिला. शर्टाला बटण नाही. दुसरा काढला, त्यालाही नाही. कपाटातल्या एकूण एक शर्टाची बटणं कापलेली, आणि वन्सं गॅलरीत डब्यात हात घालून बसलेल्या.

"आत्या, हे काय?"

"माल खोळंबलाय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मुलगा टी-शर्टवर गेला आणि साहेबाची बोलणी खाऊन आला. हसण्यावारी नेलं आम्ही. पण पुढच्या आठवड्यात वन्सं घरातल्या स्लिपरवर बाहेर पडल्या आणि थेट गोदामाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचल्या. त्यानेच घरी आणून सोडलं.

मुलगा वाईट नाही. माझ्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "आई, डॉक्टरांना दाखवू. त्यांनी डोक्याचंच आहे म्हटलं, तर आत्याला संस्थेत ठेवावं लागेल. तू काठीवर. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. ती पळाली तर तिच्यामागे धावणार कोण?"

म्हणून तर त्या दवाखान्यात मी देव पाण्यात घालून बसले होते.

वयानंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, शंभरातून सात काढा बघू."

"भरल्या डब्यातून?" वन्संनी विचारलं.

"हो, डब्यातून समजा." बिचारीला वाटलं, म्हातारीच्या कलाने घ्यावं.

वन्संचा अंगठा पेरांवर फिरला. "अकरा-पाच."

"बरं. त्यातून आणखी सात?"

"दहा-दहा."

"आणखी सात?"

"दहा-तीन. आणि बाई, सात-सात काढून कोणाला देताय एवढी?"

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी खरडलं आणि सुनेकडे असं पाहिलं, की सुनेने मान खाली घातली. महिन्याने पुन्हा या म्हणाल्या, तेव्हा पक्कं सांगू.

मी घरी आले ती चप्पल काढायचीही विसरले. ओट्यापाशी उभी राहून बोटांवर हिशेब करत राहिले. भरला डबा, वस्तू एक. तो फोडला, पत्ते बारा. एक पत्ता फोडला, वस्तू तेवीस. सात दिल्या, सोळा राहिल्या. अकरा आणि पाच, सोळा! पुढे आणखी सात द्यायच्या तर सुटी पाचच आहेत, म्हणून पत्ता फोडायचा. सोळा आणि अकरा सत्तावीस, सात गेल्या, वीस. दहा आणि दहा, वीस! मग सात दिल्या की तेरा. दहा आणि तीन. एकही चूक नाही! मी ओट्यावर इतक्या जोरात हात मारला की सून आंघोळ अर्धी टाकून बाहेर आली.

"अगं, त्या चुकतच नाहीयेत! त्या डब्यात मोजताहेत!"

"आई, पण आपण शंभरात राहतो ना," सून टॉवेल सावरत म्हणाली. "त्या डब्यात राहायला गेल्या असतील तर तेही..." पुढचं तिने गिळलं. सून समंजस आहे. पण मी त्या दिवशी समजून घ्यायला तयार नव्हते.

मी मुलाला बसवून सगळं समजावलं. त्याने पेरांवर एकदा मोजून पाहिलं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. महिनाभर बघू. डॉक्टरांना हे सांग तू."

त्या महिन्यात मी वन्संची दुभाषी झाले. त्या म्हणाल्या, जिन्याला एक-चार पायऱ्या, मी मोजून आले, सोळा, बरोबर. शेजारीण हळूच म्हणाली, "तुमच्या नणंदबाई जरा भ्रमिष्ट..." मी म्हटलं, "भ्रमिष्ट कशाला, डझनात आहेत. तुम्ही अंडी डझनात आणता तेव्हा तुम्हाला कोणी काही म्हणतं का?" शेजारणीचं तोंड बंद केलं. स्वतःचंही केलं, कारण त्याच महिन्यात त्यांनी पोळीचं पीठ दोनदा झाडाच्या कुंडीत ओतलं होतं आणि मला तीनदा विचारलं होतं की भाऊ कामावरून आला का. ते मी कुठल्याच बेरजेत धरलं नाही. सोयीचं तेवढं मोजायचं ही माणसाची जुनी खोड.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दुपारी मला वाटलं, एकदा तयारी करून घ्यावी. शर्टांची ती बटणं अजून डब्यात होती. सून नवी आणून लावून मोकळी झाली होती. मी गॅलरीत चादर पसरली आणि दोन ढीग केले.

"वन्सं, माल मोजता का?"

त्यांचे डोळे असे उजळले, की मला वाटलं, यांना रोज का नाही हे दिलं.

पहिला ढीग. "एक-सात," त्या म्हणाल्या. मी मोजला होताच. एकोणीस. बरोबर.

दुसरा. "दोन-चार." अठ्ठावीस. बरोबर! माझा जीव भांड्यात पडला.

"आता दोन्ही मिळून सांगा."

त्यांनी ढीग एकत्र केले, अंगठा चालवला. यायला हवे होते तीन-अकरा. त्या म्हणाल्या, "चार-एक."

मी बेरीज लावली. आधीच्या वस्तू आठ आणि सहा, चौदा. आता पाच. नऊने कमी. नऊ? नऊने तर कारकुनाचं हलतं! मी म्हटलं, बाई दहात आल्या असतील. सतरा आणि चोवीस, एकेचाळीस, चार-एक. बघा, हिशेब चोख! पण मग पुढ्यातली बटणं? ती सत्तेचाळीस होती. सहा बटणं चादरीवर पडलेली आणि त्यांच्या मोजणीत नव्हती.

"पुन्हा एकदा, वन्सं."

"तीन-सहा."

नऊ वस्तू. पाचने कमी. पाच म्हणजे सहाची पंगत झाली. मी तीही लावून पाहिली, तुम्ही हसाल. म्हटलं कदाचित लहानपणी आई सहा-सहाच्या जुड्या बांधत असेल. पण सहाच्या मोजणीत सात सुटी बटणं राहतीलच कशी? सहा झाली की जुडी बांधून मोकळं व्हायला हवं. आणि त्या तर आत्ताच एक-सात म्हणाल्या होत्या.

"आणखी एकदा."

"तीन-एक."

दहाने कमी. म्हणजे अकराची पंगत. जगात कोणी अकराने मोजत नाही. तरी मी मनात विचारत राहिले, विसाने मोजताहेत का, आठाने, घड्याळासारखं साठाने. एखादं माणूस हरवलं की आपण ओळखीच्या सगळ्यांची दारं वाजवतो, इथे आलीय का हो, तशी मी एकेक मोजणी वाजवत सुटले. कुठेही नव्हत्या.

मग मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हे आधी पाहायला हवं होतं. अंगठा चालत होता, पूर्वीसारखाच भरभर. पण पेरांवर टेकत नव्हता. एका बोटावर तीनदा, दुसऱ्यावर दोनदा, तिसऱ्यावरून नुसताच घसरून पुढे. पंगत बाराची नव्हती, दहाची नव्हती, कशाचीच नव्हती. दरवेळी वेगळी होती.

"शिल्लक," वन्सं म्हणाल्या, "काय आलं?"

"बरोबर आलं, वन्सं."

"बेरीज लावलीस?"

"लावली."

"कितीने कमी?"

"अकराने."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांत त्यांनी मला असं पाहिलं नव्हतं. थेट, टेबलापलीकडून बघायच्या तसं.

"खोटं बोलतेस. अकरा आले की तुझं तोंड असं होत नाही."

गॅलरीखालून कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज येत होता, ती चालू होत नव्हती.

त्यांनी दोन्ही हातांनी बटणं गोळा केली. एक चादरीखाली गेलं होतं तेही शोधलं. सगळी डब्यात भरली, झाकण लावलं, तळहाताने दाबलं, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"माल परत पाठव," त्या म्हणाल्या. "रडतेस काय? मी तुला हेच शिकवलं का?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मुलाने मला ढोसलं, "आई, ते डझनाचं सांग ना डॉक्टरांना." मी महिनाभर ते भाषण पाठ केलं होतं. म्हटलं, "राहू दे." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा डब्यातून सात काढायला सांगितले. बिचारीच्या लक्षात होतं. वन्सं म्हणाल्या, "कोणता डबा?"

संस्था बरी आहे. भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा रंग, वर पांढरा. फरशी ओली पुसलेली. वन्संच्या पिशवीत सुनेने चार गाऊन घातले होते. त्यांना बटणं नव्हती, नाड्या होत्या. सुनेने मुद्दाम तसे शोधून आणले होते. मला ते तेव्हा कळलं आणि मी खिडकीकडे गेले.

टेबलामागच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी वन्संनाच विचारलं, "आजी, वय काय तुमचं?"

"तेरा," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सून माझ्या कानाशी म्हणाली, "लहानपणात गेल्या हो त्या."

असेल. कारखान्यात पाऊल टाकायच्या आधीची पोर तेराच म्हणणार, एक-एक नाही, तिला कुठे डझन माहीत. पण सहा आणि सातही तेराच होतात. वन्संनी कदाचित वयाची बेरीज लावून दिली असेल, मला पडताळायला. की नुसता तोंडाला आला तो आकडा. नऊ आणि चार तेरा, पाच आणि आठ तेरा, आणखी कितीतरी. ढिगावरून बेरीज काढता येते, बेरजेवरून ढीग परत आणता येत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. मी आयुष्यभर त्यांचं बोलणं लोकांना समजावत आले. या वेळी मलाच कळलं नाही, आणि विचारायचं कोणाला?

बाईंचं पेन थांबलं होतं.

"एकोणऐंशी," मी म्हटलं.

कारकुनाच्या भाषेत सांगितलं म्हणून वन्सं मांडीवर चापट मारतील, असं वाटून मी जरा थांबले. त्या शेजारीच बसल्या होत्या. अंगठा चालू होता, आणि त्या दाराजवळच्या ओल्या फरशीकडे बघत होत्या.

बाईंनी लिहून घेतलं.